मॅलमच्या चुनखडीच्या दऱ्या: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर या पट्ट्यात नव्यानं राहायला आलेल्या मराठी मंडळींना जून-जुलै आला की सह्याद्री आठवतो आणि मग प्रश्न येतो: इथं ट्रेकला जायचं कुठं? माझं उत्तर ठरलेलं आहे. मॅलम. (स्पेलिंगमधला 'एच' उच्चारू नका, बसच्या ड्रायव्हरला 'मॅलम'च कळतं.) यॉर्कशर डेल्स नॅशनल पार्कच्या दक्षिण भागातलं हे एवढंसं गाव. मधून वाहणारा ओढा, दोन पब, दगडी घरं, भोवती कुरणं. गावातून बाहेर पडून जेमतेम आठ किलोमीटरचा फेरा मारला की जंगलातला धबधबा, दोन्ही बाजूंनी अंगावर येणारी घळ, ऐंशी मीटरचा सरळसोट कडा आणि त्या कड्याच्या माथ्यावर फुटलेल्या फरशीसारखं पसरलेलं कातळ, एवढं सगळं एका दिवसात पाहून होतं.

राजगड-तोरणा केलेल्या माणसाला दमछाकीच्या दृष्टीनं हे काहीच नाही, आणि नेमकी तिथंच फसगत होते. 'आठ किलोमीटर ना? दोन तासांत येतो' म्हणून लोक साध्या स्नीकर्सवर निघतात. इथला खडक वेगळा, पाणी वेगळं वागतं, वाट कुणाच्या तरी कुरणातून जाते आणि चुकलात तर वाट दाखवायला वाडीवरचा मामा नसतो. या चार गोष्टी आधी समजून घेतल्या की मग मॅलम खरोखरच सोपं आहे.

आधी खडक

आपला सह्याद्री बसाल्टचा, लाव्हा थिजून झालेला. तो खरबरीत असतो आणि बूट त्याला धरून राहतो. मॅलमचा खडक चुनखडीचा. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी हा भाग उष्ण, उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्रातल्या जीवांचे शंख-शिंपले आणि सांगाडे तळाशी साचत गेले, त्यातून ही चुनखडी झाली. घरांच्या आणि बांधांच्या दगडांत बारकाईनं पाहिलंत तर कुठेकुठे जीवाश्मांच्या चकत्या दिसतात.

पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि चुनखडी त्यात हळूहळू विरघळते. त्यामुळे खडकातल्या बारीक चिरा रुंदावत जातात आणि पाणी पृष्ठभागावर न थांबता खाली उतरतं. चालणाऱ्याच्या दृष्टीनं याचे तीन परिणाम. एक, हजारो बुटांनी घासून वाटेवरची चुनखडी गुळगुळीत झालेली असते आणि ओली झाली की तिच्यावर कितीही महागडा सोल घसरतो. दोन, वर माळावर पिण्याजोगं पाणी मिळत नाही. जे ओढे दिसतात त्यांच्या काठी मेंढ्या चरत असतात, त्यामुळे त्यातलं पाणी पिऊ नका. माणशी दीड-दोन लिटर घरूनच घ्या. तीन, नकाशावरची निळी रेघ मध्येच संपलेली दिसली तर ती छापखान्याची चूक नव्हे, ओढा खरोखरच तिथं जमिनीत शिरतो.

निघण्याआधीची तयारी

नकाशाला पर्याय नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा एक्सप्लोरर मालिकेतला ओएल 2 हा नकाशा या भागाचा. प्रमाण 1:25,000, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि निळ्या रेघांचा प्रत्येक चौकोनही एक किलोमीटरचा. हाच नकाशा त्यांच्या ॲपवरही मिळतो, पण तो घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज येते-जाते, आणि गॉर्डेलच्या घळीत ती असेल असं धरून चालू नका. गूगल मॅप्सवर विसंबून तर अजिबात राहू नका. ते तुम्हाला डांबरी रस्त्यानं नेतं आणि पाहण्यासारखं सगळं बाजूला राहतं.

नकाशावर हिरव्या तुटक रेघा दिसतील. त्या सार्वजनिक हक्काच्या वाटा. बारीक तुटक रेघ म्हणजे फक्त पायी चालायची वाट, लांब तुटक रेघ म्हणजे घोडेस्वार आणि सायकलवाल्यांनाही खुली असलेली ब्रायडलवे. जमिनीवर हेच पिवळ्या आणि निळ्या बाणांनी दाखवलेलं असतं. वाट खाजगी कुरणातून जात असली तरी तिच्यावरून चालायचा हक्क तुम्हाला कायद्यानं आहे, मालकाची परवानगी लागत नाही. पण हक्क त्या वाटेपुरता. तिथून उतरून कुरणभर फिरता येत नाही. नकाशावर फिकट पिवळ्या रंगानं भरलेला भाग मात्र 2000 सालच्या कायद्यानं मोकळ्या भटकंतीला खुला झालेला आहे, तिथं वाट सोडून चाललं तरी चालतं.

हे हक्क सहज मिळालेले नाहीत. 1932 साली पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटच्या माळावर कामगार तरुणांनी ठरवून घुसखोरी केली, त्यातल्या काहींना तुरुंगात जावं लागलं, आणि त्या चळवळीच्या जोरावर पुढे 1949 चा नॅशनल पार्कचा कायदा आला. मॅलममधून जाणारी पेनाइन वे ही इंग्लंडची पहिली अधिकृत लांब पल्ल्याची पायवाट, सुमारे 430 किलोमीटरची. तिचं उद्घाटन 1965 साली याच परिसरात, मॅलमच्या माळावर झालं. वाटेत खांबांवर ओकच्या फळाचं चित्र दिसलं की समजा, आपण तिच्यावर आहोत.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि अंग गारठतं. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, वर खराखुरा वॉटरप्रूफ जाकीट. छत्री गाडीत ठेवून या, माळावरच्या वाऱ्यात ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते. बूट घोट्याच्या वर येणारे आणि चांगल्या खाचांचे. जुलैतसुद्धा टोपी आणि एक लोकरी थर पाठीवरच्या पिशवीत असू द्या.

वेळेचा हिशोब. 1892 मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं मांडलेला ठोकताळा अजून वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर शंभर मीटरला दहा मिनिटं जादा. त्यात फोटो, खाणं आणि लहान मुलं धरा. छोट्या फेऱ्याला चार तास, मॅलम टार्न या माळावरच्या तळ्याच्या लांब फेऱ्याला सहा. डिसेंबरात इथं पावणेचारला सूर्य मावळतो. हिवाळ्यात दुपारी बाराला निघणं म्हणजे अंधारात पायऱ्या उतरणं. जूनमध्ये साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे तेव्हा निवांत.

कधी जावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे: मे महिन्याचा पहिला पंधरवडा, आठवड्याच्या मधला दिवस. कुरणांत कोकरं असतात, जंगलात रानलसूण फुललेला असतो, आणि ऑगस्टमधली गर्दी अजून सुरू झालेली नसते. बँक हॉलिडेला इथं येऊ नका. रस्ते अरुंद, गाड्या कुठेही लावलेल्या, आणि कड्याच्या पायऱ्यांवर रांग.

पोचायचं कसं

लीड्सहून स्किप्टनला रेल्वेनं पाऊण तास लागतो, गाड्या वरचेवर असतात. स्किप्टनहून मॅलम सतरा-अठरा किलोमीटर. बस आहेत, पण मोजक्याच, आणि वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं. रविवारी आणि सुट्ट्यांना डेल्सबसच्या फेऱ्या पाहा. जाण्याआधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून घ्या. ती चुकली तर टॅक्सीला बराच भुर्दंड पडतो, आणि तीही फोन लागला तर.

गाडीनं येत असाल तर गावात शिरतानाच डाव्या हाताला नॅशनल पार्कच्या माहिती केंद्राचं पैसे भरून वापरायचं पार्किंग आहे. तिथंच लावा. शेताच्या फाटकासमोर गाडी लावणं हा इथला मोठा अपराध, कारण ट्रॅक्टर अडला की शेतकऱ्याचा सगळा दिवस अडतो. माहिती केंद्राशेजारी स्वच्छतागृह आहे. वाटेत ते नाही, त्यामुळे आधीच जाऊन या.

वाट, टप्प्याटप्प्यानं

बहुतेक लोक उतरल्या उतरल्या थेट मॅलम कोव्हच्या कड्याकडे धावतात. मी उलटं सुचवीन: घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध दिशेनं, आधी धबधबा, मग घळ आणि कडा शेवटी. त्यामुळे कड्याच्या त्या चारशे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतरायच्या असतात. शिवाय जंगलात सकाळची शांतता मिळते.

*गाव ते जॅनेट्स फॉस.* माहिती केंद्रातून डावीकडे वळून गावात या, ओढ्यावरचा छोटा दगडी पूल ओलांडा आणि पलीकडच्या काठानं पाण्याच्या प्रवाहाबरोबर उजवीकडे चालू लागा. थोड्या वेळानं 'जॅनेट्स फॉस' असा फलक डावीकडे वळवतो. कुरणांमधून, दगडी गोठ्यांच्या बाजूनं वाट गॉर्डेलच्या ओढ्याला लागते आणि मग झाडीत शिरते. हा जवळपास सपाट टप्पा, आजी-आजोबांनाही जमेल असा. मेमध्ये झाडीत शिरण्याआधीच लसणाचा वास येतो. जमीन पांढऱ्या फुलांनी भरलेली असते.

धबधबा उंच नाही. पण खडकावर हिरव्या शेवाळाखाली चुन्याचा सच्छिद्र थर साचलेला दिसेल, तो जरूर पाहा. चुनखडीतून विरघळून आलेला चुना पाणी उसळताना पुन्हा बाहेर पडतो आणि थरावर थर चढत जातो. त्याला टुफा म्हणतात. तो ठिसूळ असतो, त्यावर पाय देऊ नका. धबधब्यामागच्या गुहेत पऱ्यांची राणी जॅनेट राहते, अशी गावची कथा. खालच्या डोहात पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत. गावकरी त्या गार पाण्यात उभे राहून एकेक मेंढी हातोहात पुढे देत. वाटेत आडव्या पडलेल्या ओंडक्यांत लोकांनी ठोकलेली नाणी दिसतील. आपण त्यात भर घालू नये, झाडाला आणि जमिनीला त्याचा त्रासच होतो.

*फॉस ते गॉर्डेल स्कार.* धबधब्याच्या डावीकडून वाट वर चढून डांबरी रस्त्याला लागते. उजवीकडे वळा, पूल ओलांडा, आणि थोड्याच अंतरावर डावीकडे घळीचं फाटक येतं. पुढं सपाट कुरण, त्यात उन्हाळ्यात तंबू लागलेले. इथून घळ दिसतच नाही. दोन टेकड्या नुसत्या जवळ येत जातात, वाट वळते, आणि एकदम दोन्ही बाजूंना शंभर मीटरच्या आसपासचे कडे, वरून आत झुकलेले, मधून ओढा. जेम्स वॉर्ड या चित्रकारानं 1812 ते 1814 च्या सुमारास या जागेचं भलंमोठं चित्र काढलं. ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. कडे काळेकुट्ट, आभाळ फाटल्यासारखं. तो अतिशयोक्ती करतोय असं लंडनमध्ये वाटतं, इथं उभं राहिल्यावर वाटत नाही.

आता निर्णयाची जागा. घळीच्या टोकाला दोन धबधबे एकावर एक आहेत. खालच्या धबधब्याच्या डाव्या हाताला काही मीटरचा खडकाचा टप्पा हातापायांनी चढून वर जाता येतं आणि तिथून टार्नची वाट पुढं निघते. हे तुम्ही करावं का? पाणी कमी असेल, खडक कोरडा असेल आणि सह्याद्रीत एखादा सोपा कातळटप्पा केला असेल, तर हो. यातलं एक जरी नसेल, तर नाही. पावसानंतर धबधबा फुगलेला असला की पकडी पाण्याखाली जातात आणि मग तिथं घुटमळणं जिवावर बेतू शकतं. लहान मुलं किंवा कुत्रा बरोबर असेल तर विचारच करू नका. आणि चढलात तर त्याच वाटेनं उतरायचं नाही. उतरताना पाय कुठं ठेवायचा ते दिसत नाही, आणि खाली लोक उभे असतात. लाज वाटून घेऊ नका, बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात.

*गॉर्डेल ते कोव्हचा माथा.* मागे रस्त्यावर येऊन उजवीकडे वळा. पूल ओलांडला की लगेच उजव्या हाताला फाटक आणि 'मॅलम कोव्ह' असा फलक. इथून दिवसातला खरा चढ सुरू होतो, तोही मध्यम. कुरणामागून कुरण, दगडी बांध, आणि मागे वळून पाहिलं की अख्खं मॅलमडेल पसरलेलं. मॅलम रेक्स नावाचा रस्ता ओलांडून वाट हळूहळू उतरत कड्याच्या माथ्यावर येते.

इथं वेग कमी करा. पायाखाली आता माती नाही, नुसतं कातळ आहे, चौकोनी ठोकळ्यांत फाटलेलं. ठोकळ्यांना क्लिंट म्हणतात, मधल्या भेगांना ग्राइक. हिमयुगात बर्फानं वरची माती खरवडून नेली, उघड्या पडलेल्या कातळातल्या चिरा पावसानं खोल केल्या. काही भेगा गुडघ्याएवढ्या, काही कमरेएवढ्या. एखाद्या भेगेशी गुडघ्यावर बसून आत डोकावा. वर माळावर वारा सुसाट, गवत मेंढ्यांनी बोडकं केलेलं, आणि आत मात्र ओलसर सावली, त्यात हार्ट्स टंग नावाच्या नेच्याची लांब, चकचकीत, अखंड कडांची पानं. मेंढीचं तोंड तिथवर पोचत नाही, म्हणून जंगलातल्या वनस्पती तिथं टिकून राहिल्यात.

चालायची रीत अशी: पाऊल नेहमी ठोकळ्याच्या मधोमध ठेवा, कडेवर नको. उडी मारू नका. फोटो काढायचा तर आधी थांबा, मग मोबाइल काढा. ओल्या दिवशी तर मागच्या गवताच्या पट्ट्यावरूनच जाणं शहाणपणाचं. मोडलेल्या घोट्यांची इथं वानवा नाही. दरीच्या काठाला कठडा नाही, दोरी नाही, मुलांचा हात सोडू नका. आणि आठवण म्हणून दगडाचा तुकडाही उचलू नका, या कातळांना 1981 च्या कायद्याचं संरक्षण आहे.

*उतरून कड्याच्या पायथ्याला.* कातळ ओलांडून पश्चिमेच्या टोकाला गेलात की दगडी पायऱ्या लागतात, चारशेच्या आसपास. त्याही घासलेल्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी घ्या. खाली आल्यावर लगेच गावाकडे वळू नका, ओढ्याच्या उगमापर्यंत, थेट कड्याच्या पायथ्याशी जा.

कोकणकडा पाहिलेल्याला हा कडा बुटका वाटेल, पण तशीच अर्धगोल, आत वळलेली बाक इथंही आहे. रुंदी तीनशे मीटर. हिमयुगाच्या अखेरीस, बारा हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, वितळलेल्या बर्फाचं पाणी या काठावरून प्रचंड धबधबा होऊन कोसळत होतं. आता वर थेंब नाही, पाणी कड्याच्या बुंध्याशी फटीतून शांतपणे बाहेर येतं. 6 डिसेंबर 2015 ला डेस्मंड वादळाच्या पावसात मात्र जमिनीखालच्या वाटा तुडुंब भरल्या आणि कड्यावरून थोडा वेळ पुन्हा धबधबा कोसळला. जिवंत माणसांच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडलं.

वसंतात आणि उन्हाळ्यात कड्यावर बहिरी ससाण्याची जोडी घरटं करते. पायथ्याशी पक्षीमित्र दुर्बिणी लावून उभे असतात आणि विचारलंत तर आनंदानं दाखवतात. कड्यावर लटकलेले प्रस्तरारोहकही दिसतील, ब्रिटनमधल्या सगळ्यात अवघड मार्गांपैकी काही इथं आहेत. इथून ओढ्याकाठच्या रुंद वाटेनं गाव वीस मिनिटांत.

पाय अजून शिवशिवत असतील तर: टार्नचा फेरा

माझ्या मते मॅलमची खरी गंमत कड्याच्या मागे आहे, आणि निम्मे लोक तिकडे फिरकतच नाहीत. गॉर्डेलचा धबधबा चढून गेलात तर माळावरून स्ट्रीट गेट आणि पुढं मॅलम टार्न, मग कोव्हमार्गे गाव, असा बारा किलोमीटरच्या आसपासचा पूर्ण फेरा होतो. चढला नसाल तरी अडत नाही. कोव्हच्या माथ्यावर आल्यावर उतरायच्या आधी उत्तरेकडे वॉटलोज नावाची कोरडी दरी धरा.

दरी म्हटली की तळाशी पाणी, हे आपल्या डोक्यात बसलेलं. इथं दोन्ही बाजूंना चुनखडीचे सुळके, मध्ये दरीचा नीट कोरलेला तळ, आणि पाण्याचा पत्ता नाही. हिमयुगात जमीन खोलवर गोठलेली होती, पाणी खाली झिरपू शकत नव्हतं. ते वरूनच वाहिलं आणि त्यानं ही दरी कोरली. जमीन वितळली, चिरा मोकळ्या झाल्या आणि नदी तळघरात गेली. दरीच्या वरच्या टोकाला वाट दगडी पायऱ्यांनी चढते, तिथं उजवीकडचं वळण चुकवू नका.

वर सपाट माळ लागतो आणि वॉटर सिंक्स. टार्नमधून निघालेला ओढा मजेत वाहत येतो, गोट्यांमध्ये शिरतो आणि संपतो. खड्डा नाही, गुहा नाही, काहीच नाही. सगळ्यांना वाटतं की हेच पाणी खाली कोव्हच्या पायथ्याशी निघतं. पाण्यात रंग सोडून पाहिलं तेव्हा कळलं की ते गावाच्या दक्षिणेला एअर हेड नावाच्या झऱ्यांतून बाहेर येतं, आणि कोव्हच्या पायथ्याचं पाणी पश्चिमेकडच्या दुसऱ्याच ठिकाणी जमिनीत शिरलेलं असतं. लीड्स शहरातून वाहणारी एअर नदी ती हीच.

मग टार्नच टिकून कसा राहतो? त्याच्याखाली चुनखडी नाही, पाणी न झिरपू देणारा जुना पाटीचा खडक आहे. समुद्रसपाटीपासून 377 मीटरवरचं हे तळं नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. काठावर बसून शिदोरी सोडायला याहून चांगली जागा नाही. पोळीभाजीचा रोल, लाडू, थर्मासमधला चहा. थेपले सगळ्यात टिकाऊ. परतीला ट्राउगेटच्या गवताळ वाटेनं थेट कोव्हच्या माथ्यावर उतरता येतं. धुकं असेल तर मात्र टार्नचा बेत रद्द करा. माळावर सगळे बांध आणि सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात.

कुरण, फाटकं, गुरं

फाटक जसं असेल तसं ठेवा: बंद होतं तर बंद करा, उघडं बांधून ठेवलेलं असेल तर उघडंच सोडा, कारण शेतकऱ्यानं ते मेंढ्यांना पाण्याकडे जाता यावं म्हणून ठेवलेलं असू शकतं. काही ठिकाणी किसिंग गेट असतं, एका कोंडाळ्यात डुलणारं फाटक. आत शिरा, फाटक मागे ढकला, बाहेर पडा. मोठी सॅक असेल तर ती काढून डोक्यावर धरावी लागते. बांधात कुठं नुसती दोन दगडांमधली अरुंद फट असते, माणूस निघतो, मेंढी अडते. बांध सिमेंटशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेले असतात. त्यावर चढलात की वरचे दगड सुटतात आणि मेंढ्या पलीकडे जातात.

गायींबद्दल गांभीर्यानं सांगतो, कारण आपल्याला गाय म्हणजे गरीब प्राणी वाटतो. वासरं असलेल्या गायी इथं माणसाच्या अंगावर येतात. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घाला, त्यासाठी थोडी वाट सोडावी लागली तरी चालेल. कुत्रा बरोबर असेल आणि गायी धावून आल्या तर पट्टा सोडून द्या. कुत्रा निसटतो, तुम्ही निसटणार नाही. एरवी मात्र मेंढ्यांजवळ कुत्रा पट्ट्यावरच. मोकळ्या माळावर 1 मार्च ते 31 जुलै हे बंधन कायद्यानंच आहे, कारण जमिनीवर पक्ष्यांची घरटी असतात. कुत्रा मेंढ्यांच्या मागे लागला तर कायदा शेतकऱ्याची बाजू घेतो.

उन्हाळ्यात उंच गवतातून आलात तर घरी गेल्यावर पायांवर, गुडघ्यांमागे गोचीड चिकटली आहे का पाहा. इथल्या गोचिडीतून लाइम रोग होऊ शकतो. चावल्यावर नंतर गोल पसरणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांकडे जा.

वाटेत समोरून येणाऱ्याला 'मॉर्निंग' म्हणा. ओळख नसली तरी इथं ती रीत आहे, आणि पुढची वाट कशी आहे हेही त्यातूनच कळतं.

अडचण आली तर

999 लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. थेट रुग्णवाहिका मागितली तर ती रस्त्यावर येऊन थांबेल आणि तुम्ही घळीत असाल. नकाशाच्या ॲपमध्ये तुमचा ग्रिड संदर्भ, दोन अक्षरं आणि पुढचे आकडे, दिसतो. तो वाचून दाखवा. बोलण्याइतकी रेंज नसली तरी कधीकधी मेसेज जातो, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी लागते. आत्ताच 'register' हा शब्द 999 वर पाठवा आणि उत्तरात येईल तसं करा. शिट्टी असेल तर मिनिटाला सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा वाजवा.

बचाव पथकातले सगळे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. जवळच्याच क्लॅपहॅम गावात 1935 साली गुहांमध्ये अडकलेल्यांना सोडवण्यासाठी स्थापन झालेली संघटना आजही माळावर आणि जमिनीखाली, दोन्हीकडे काम करते. गावातल्या पबमध्ये त्यांची दानपेटी दिसली तर काही टाका.

पबचं म्हणाल तर बक इन आणि लिस्टर आर्म्स दोन्ही ओढ्याजवळच आहेत, चिखलाच्या बुटांना कुणी नाक मुरडत नाही. फक्त दुपारी उशिरा पोचलात तर आधी स्वयंपाकघर चालू आहे का ते विचारा. शाकाहारी असाल तर पायमध्ये काय आहे हेही विचारा, 'चीज अँड अनियन' असेल तर बेधडक मागवा.

आणि दुसऱ्यांदा जाल तेव्हा बसच्या भानगडीत न पडता रेल्वेनं गारग्रेव्हला उतरा. तिथून पेनाइन वे एअर नदीच्या काठाकाठानं, एअरटन आणि हॅनलिथवरून, दहा-अकरा किलोमीटरमध्ये मॅलमला येते. सगळी सौम्य चढाची कुरणं आहेत, कडे नाहीत की गर्दी नाही. गावाच्या अलीकडे एअर हेडचे झरे लागतात, तिथं वाकून पाहा, टार्नचं पाणी गवतातून बुडबुडत वर येताना दिसतं.